माथ्यावरची दहा मिनिटं

दमा असलेल्या माणसाने डोंगरात सायकल घालायची म्हटलं की घरचे घाबरतात ते चढाला. उभा चढ, लागलेल्या धापा, छातीत पडणारे ठोके. काही झालं तर तिथेच होईल असं सगळ्यांना वाटतं. प्रत्यक्षात बहुतेकांना दमा गाठतो तो चढ संपल्यावर. पायडल थांबतं, हेल्मेट निघतं, बाटली तोंडाला लागते, कुणीतरी फोटोसाठी सगळ्यांना एकत्र बोलावतं आणि पाच-दहा मिनिटांत छाती आवळायला लागते. नेमकी त्याच वेळी मंडळी उतारावर सुटायच्या तयारीत असतात. औषध, अंग तापवणं, वाटेची निवड, सोबतीची माणसं या सगळ्या तयारीचा हेतू माथ्यावरची ती दहा मिनिटं नीट पार पडावीत हा आहे. मी स्वतः लहानपणापासून दमा घेऊन वाढलो आणि आजही डोंगरात सायकल चालवतो. त्यामुळे पुढचं सगळं मला मनापासून सांगायचं आहे.

आधी हे का होतं ते पाहू. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला सहा ते आठ लिटर हवा आत-बाहेर करतो. खड्या चढावर जोर लावताना हाच आकडा शंभर लिटरच्या वर जाऊ शकतो. एवढी हवा नाकातून जात नाही, तोंड उघडावंच लागतं. हवा गाळायची, कोमट करायची, ओलसर करायची हे नाकाचं काम त्यामुळे श्वासनलिकांवर येऊन पडतं. त्यांच्या अस्तरावर पाण्याचा पातळ थर असतो, तो सुकू लागतो. तिथल्या क्षारांचं प्रमाण वाढतं, पेशी चिडतात आणि हिस्टामिन, ल्युकोट्राईन यांसारखी रसायनं सोडतात. त्याने नलिकांभोवतीचे स्नायू आकसतात. व्यायाम चालू असेपर्यंत शरीर नलिका बऱ्यापैकी उघड्या ठेवतं, थांबलं की तो आधार सुटतो. त्यामुळे त्रास थांबल्यानंतर वाढतो, साधारण पाच ते पंधरा मिनिटांत सर्वांत जास्त होतो आणि पुढच्या तासा-दीड तासात ओसरतो. लांबलचक, न थांबणाऱ्या चढावर तो मध्येच उद्भवू शकतो, पण मुख्य रीत ही अशी.

साधं दम लागणं आणि दमा यांतला फरकही इथेच कळतो. तब्येत कमावलेली नसली की चढावर धाप लागते, पण थांबल्यावर दोन-तीन मिनिटांत ती उतरते. दम्यात उलट होतं. थांबल्यावर श्वास जास्त जड होतो, खोकला सुरू होतो, श्वास सोडताना सूं-सूं असा आवाज येतो, छातीवर पट्टा आवळल्यासारखं वाटतं. काहींना आवाज येतच नाही, नुसता कोरडा खोकला येतो. दर रविवारी सायकलवरून आल्यावर अर्धा तास खोकणारी आणि ‘धूळ गेली असेल’ म्हणून सोडून देणारी माणसं मी खूप पाहिली आहेत. त्यांनी एकदा तपासून घ्यायला हवं.

तपासायचं ते अंदाजाने नाही. छातीच्या डॉक्टरांकडे स्पायरोमेट्री, म्हणजे फुंकून करायची श्वासाची चाचणी, होते. मात्र विश्रांतीत केलेली ही चाचणी पूर्ण ठीक येऊनही व्यायामानंतर नलिका आकसू शकतात, म्हणून गरज पडल्यास ट्रेडमिलवर किंवा स्थिर सायकलवर सहा ते आठ मिनिटं जोरात व्यायाम करवून नंतर ठरावीक अंतराने पुन्हा फुंकायला लावतात. पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा दहा टक्के किंवा त्याहून जास्त घटली तर निदान पक्कं मानतात. ही चाचणी आणखी एका कारणासाठी मोलाची आहे. काही जणांना, विशेषतः तरुण खेळाडूंना, अडथळा फुप्फुसात नसून घशात, स्वरयंत्रापाशी होतो. त्यात श्वास घेताना आवाज येतो, सगळ्यात जास्त जोर लावतानाच गळा दाबल्यासारखं होतं आणि थांबलं की लवकर मोकळं वाटतं. इनहेलरचा त्याला उपयोग नसतो. अशी माणसं वर्षानुवर्षं चुकीचं औषध ओढत राहतात. आणि धापेबरोबर छातीत दुखत असेल, डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर आधी हृदय तपासून घ्या.

आता औषधाकडे. आपल्याकडे इनहेलरला सगळे ‘पंप’ म्हणतात, आणि पंपाबद्दल एक समज घरोघरी घट्ट बसला आहे: पंपाची सवय लागते, म्हणून तो जेवढा टाळता येईल तेवढा टाळावा. या समजाने फार नुकसान केलं आहे. ग्लोबल बर्डन ऑफ डिसीज या जागतिक पाहणीच्या २०१९ च्या अंदाजांत जगातल्या दमेकऱ्यांपैकी सुमारे तेरा टक्के भारतात होते, पण दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक इथले होते. यामागे अनेक कारणं आहेत, आणि रोज घ्यायचं औषध न घेणं हे त्यांतलं मोठं कारण आहे. पंप दोन कामांसाठी असतात, हे मनात पक्कं असू द्या. एक रोजचा, ज्यात अगदी कमी मात्रेत स्टिरॉइड असतं. तो सूज कमी करतो आणि त्याचा परिणाम दिसायला दिवस-आठवडे लागतात. दुसरा तातडीचा. तो आकसलेले स्नायू काही मिनिटांत सैल करतो, पण सुजेचं काहीच करत नाही. आराम लगेच मिळतो म्हणून माणूस दुसऱ्यावर विसंबतो आणि पहिला कपाटात पडून राहतो. ‘जिना’ या दम्याविषयीच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१९ पासून ठामपणे सांगितलं आहे की मोठ्या माणसांनी नुसत्या साल्ब्युटामॉलवर, म्हणजे तातडीच्या पंपातल्या औषधावर, दमा सांभाळू नये. स्टिरॉइड असलेला पंप उपचारात हवाच. बुडेसोनाइड आणि फॉर्मोटेरॉल एकत्र असलेला पंप लागेल तेव्हा आणि व्यायामाआधीही वापरता येतो, असंही त्यांचं मार्गदर्शन आहे. तुमच्यासाठी कोणती पद्धत, ते डॉक्टरांना विचारा. विचारताना ‘मी डोंगरात सायकल चालवतो’ हे स्पष्ट सांगा, कारण ऑफिसला जाणाऱ्या माणसाला लिहून दिलेली योजना तुम्हाला पुरेलच असं नाही.

डॉक्टरांनी निघण्याआधी साल्ब्युटामॉल घ्यायला सांगितलं असेल तर ते साधारण दहा-पंधरा मिनिटं आधी घ्यायचं असतं. त्याचं व्यायामापुरतं संरक्षण दोन ते चार तास टिकतं, आणि डोंगरातली फेरी त्याहून लांबते, हे लक्षात असू द्या. सकाळी सहाला पार्किंगमध्ये ओढलेला पंप साडेदहाच्या शेवटच्या चढाला पुरेलच असं नाही. दुसरी गोष्ट, तो रोजच्या रोज व्यायामाआधी घेतला तर त्याचा असर कमी होत जातो. त्यामुळे दर वेळी आधी पंप घेतल्याशिवाय निघताच येत नसेल, किंवा एरवी आठवड्यात दोनहून अधिक दिवस तातडीचा पंप लागत असेल, रात्री खोकल्याने जाग येत असेल, तर दमा काबूत नाही असं समजा. तो काबूत येईपर्यंत काही आठवडे सपाट रस्त्यावर हलकी सायकल चालवा. डोंगर कुठे जात नाही.

पंप ओढायची पद्धत चुकलेली असणं हे फार सर्रास आढळतं. फवाऱ्याचा पंप असेल तर हलवा, श्वास पूर्ण सोडा, मग सावकाश आणि खोल आत घेत घेतच दाबा आणि दहा सेकंद श्वास रोखा. दुसरा फवारा अर्ध्या-एक मिनिटाने. स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी, लावला तर औषध घशात न चिकटता फुप्फुसात जास्त पोचतं, आणि धाप लागलेली असताना तर स्पेसरशिवाय ही सगळी कसरत जमतच नाही. म्हणून स्पेसर घरी ठेवायची वस्तू नाही, तो सायकलच्या पाठपिशवीत हवा. कॅप्सूल घालून ओढायचं यंत्र, म्हणजे आपल्याकडचा रोटाहेलर, याची रीत उलटी आहे: त्यात जोरात आणि खोल ओढावं लागतं, नाहीतर पावडर बाहेरच येत नाही. ऐन झटक्यात तेवढा जोर असेलच याची खात्री नसते. शिवाय पावडरीला दमट हवा सोसत नाही, ती गोळा होते. जुलैत ताम्हिणीत किंवा आंबोलीत ओल्या हातांनी कॅप्सूल भरत बसणं व्यवहार्य नाही. पावसाळ्यात डोंगरात जाणार असाल तर तातडीचं औषध फवाऱ्याच्या पंपात मिळेल का, हे डॉक्टरांना विचारून घ्या. रोजचा स्टिरॉइडचा पंप ओढल्यावर चूळ भरायची, हे तर सगळ्यांनाच लागू.

पंप ठेवायची जागा हाही विचार करण्याजोगा विषय आहे. सीटखालच्या पिशवीत पंक्चरच्या सामानाबरोबर तो नको. तिथे चिखल आणि हादरे असतात, आणि गरज पडेल तेव्हा सायकलवरून उतरून, वाकून, चेन उघडून शोधावं लागतं. जर्सीच्या खिशात किंवा पाठपिशवीच्या छातीवरच्या कप्प्यात, एका हाताने निघेल असा ठेवा. टोपण लावलेलंच हवं. उघड्या तोंडात खडा, नाणं, पिशवीतला कचरा शिरतो आणि दाबल्यावर थेट घशात जातो. असे अपघात नोंदले गेले आहेत. एप्रिलच्या उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेला पंपाचा डबा तापतो, तिथे तो ठेवू नका. पंप कडक थंडीत गार पडला तर फवारा क्षीण येतो, म्हणून अंगाजवळ बाळगा. बरेच दिवस वापरला नसेल तर आधी हवेत दोन-तीन फवारे मारून घ्या, आणि मोजणी असेल तर किती उरले तेही पाहा. दुसरा पंप सोबत्याकडे असावा, कारण तुम्ही दरीच्या कडेला घसरलात तर तुमची पिशवी तुमच्याजवळ असेलच असं नाही.

अंग तापवणं म्हणजे वॉर्मअप. दमेकऱ्यासाठी ते अर्धं औषधच आहे. दहा-पंधरा मिनिटं सपाटीवर हलकं चालवून मध्ये मध्ये अर्ध्या मिनिटाचे पाच-सहा जोरदार झपाटे मारले, तर पुढच्या दोनएक तासांत श्वासनलिका आकसण्याची प्रवृत्ती बऱ्याच जणांत कमी राहते. सगळ्यांत हा गुण सारखा नसतो. साधारण निम्म्या लोकांना तो मिळतो. तो तुम्हाला मिळतो का ते करूनच कळेल. अडचण अशी की आपल्या बहुतेक डोंगरवाटा गाडी लावली की लगेच उभ्या होतात. पायथ्याला गाडी लावून थेट घाटाला भिडण्याऐवजी दोन-तीन किलोमीटर अलीकडे गावात गाडी लावा आणि तेवढं अंतर अंग तापवायला वापरा. सिंहगडाचा घाट चढणाऱ्यांना शहरातून सायकलवरच आल्याने हे आपोआप मिळतं. गाडीवर सायकल टाकून येणाऱ्यांना ते मुद्दाम कमवावं लागतं.

हवेचा विचार ऋतूप्रमाणे करायचा. हिवाळा या आजाराला सगळ्यात वाईट, कारण थंड हवेत पाण्याची वाफ कमी असते आणि श्वासनलिका लवकर सुकतात. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या येतात त्या दिवसांत पहाटे साडेपाचला निघायचा हट्ट सोडा. त्या वेळी थंडी तर असतेच, शिवाय शेकोट्यांचा आणि कचऱ्याचा धूर जमिनीलगत दबून राहिलेला असतो. ऊन पडल्यावर, आठ-साडेआठला निघालं तर काही बिघडत नाही. नाका-तोंडावर पातळ कापडी पट्टा ओढून घेतला तर सोडलेल्या श्वासातली ऊब आणि ओल पुढच्या श्वासाला मिळते. मला स्वतःला याचा फार उपयोग होतो. पावसाळ्यात हवा ओलसर असल्याने कित्येकांना चढ सोपा जातो, पण बुरशी वाढते, घरातली सायकल ठेवायची खोली कुबट होते, सर्दी-तापाची साथ असते. सर्दी छातीत उतरली असेल तर डोंगर नको. विषाणूचा ताप गेल्यावरही श्वासनलिका कित्येक आठवडे हळव्या राहतात.

पाऊस ओसरला की गाजरगवत फुलतं. पुण्यात १९५० च्या दशकात पहिल्यांदा नोंदलं गेलेलं हे तण आज टेकड्यांच्या पायथ्याला, पडीक रानात, रस्त्याच्या दोन्ही कडांना कमरेएवढं वाढलेलं दिसतं. ज्यांना त्याच्या परागांचं वावडं आहे त्यांनी सप्टेंबर-ऑक्टोबरात अशा पायवाटेने घासत जाऊ नये, उघड्या माळाची किंवा रुंद गाडीरस्त्याची वाट धरावी. घरी आल्यावर कपडे थेट धुवायला टाकून अंघोळ करावी. फेब्रुवारी ते मे धुराचा आणि धुळीचा काळ. मावळात आणि कोकणात भाताच्या रोपांसाठी राब भाजतात, सातारा-कोल्हापूरकडे उसाचं पाचट पेटवतात, डोंगरांना वणवे लागतात. समोर धूर दिसला तर वाट बदला, ‘पाच मिनिटांत पार होऊ’ असं म्हणू नका, कारण त्या पाच मिनिटांत तुम्ही शेकडो लिटर धूर आत घ्याल. खडी क्रशर आणि वीटभट्ट्या टाळून वाट आखा. मुरमाच्या रस्त्यावर पुढच्याच्या चाकामागे चिकटून चालवू नका. एकतर सगळ्यात पुढे राहा, नाहीतर धूळ बसेल एवढं अंतर सोडा. शहराजवळच्या टेकड्यांसाठी हवेचा निर्देशांक पाहायची सवय लावा. पुण्याच्या आयआयटीएम या संस्थेची ‘सफर’ यंत्रणा तो सांगते. आपल्या देशातल्या मोजपट्टीत शंभरच्या पुढे गेलं की दमेकऱ्यांना त्रास होऊ शकतो असं मानलेलं आहे.

वाट निवडताना एकच प्रश्न विचारा: या वाटेवर सगळ्यात दूरच्या ठिकाणी छाती आवळली, तर तिथे कोण आणि कशाने पोचेल? लोणावळ्याहून तुंगार्लीमार्गे राजमाचीचा रस्ता घ्या. पंधराएक किलोमीटरचा कच्चा, दगडधोंड्यांचा, पावसात ओढ्यांनी तुटणारा. सायकलसाठी तो सुंदर आहे आणि मला अतिशय प्रिय आहे. पण पावसाळ्यात मधल्या जंगलात फोन लागेल याचा भरवसा नाही आणि रुग्णवाहिका तिथवर येणं अवघड. नुकताच दमा काबूत आलेल्याने अशी वाट पहिल्या महिन्यात घेऊ नये. पुण्यातल्या वेताळ टेकडीसारखी जागा सुरुवातीला बरी, जिथून कुठूनही थोड्या वेळात डांबरी रस्त्याला लागता येतं. मोठी वाट घेताना आधी नकाशावर सुटायच्या जागा हेरून ठेवा: कुठे गाव आहे, कुठे जीप पोचते, जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र कोणतं. गावात थांबून चहा घेताना ‘इथे कुणाची गाडी असते का’ एवढं विचारलं तरी पुष्कळ कळतं.

चढावर हलका गिअर टाका. पाय भरभर फिरले तरी चालतील, पण ओढून नेल्यासारखा जोर नको. सलग सहा-सात मिनिटांचा जोर श्वासनलिकांना जास्त चिडवतो, त्यामानाने तुकड्या-तुकड्यांनी केलेले श्रम बरे पडतात. म्हणून वळणावर, झाडाखाली, जिथे सपाटी मिळेल तिथे वेग कमी करून श्वास खाली येऊ द्या. पूर्ण वाक्य बोलता येईल इतपत श्वास ही साधी मर्यादा. श्वास आत ओढण्यापेक्षा पूर्ण सोडण्याकडे लक्ष द्या, कारण दम्यात हवा अडकते ती बाहेर पडताना. उतरून सायकल ढकलण्यात काहीच कमीपणा नाही. तब्येत कमावत गेलात की त्याच चढाला कमी हवा लागते आणि त्रासही कमी होतो. नियमित व्यायामाचा दमेकऱ्याला होणारा हा खरा लाभ आहे, आणि म्हणूनच दमा आहे म्हणून सायकल सोडा असं मी कुणालाही सांगणार नाही. धावपटू पॉला रॅडक्लिफला व्यायामाने उठणारा दमा होता. तो सांभाळून तिने २००३ मध्ये लंडनला मॅरेथॉनचा जागतिक विक्रम केला.

आता माथा. शेवटचे शंभर-दोनशे मीटर झेप घेऊन संपवू नका, तिथेच गिअर आणखी हलका करा. वर पोचल्यावर धपकन बसू नका. सपाटीवर पाच-सात मिनिटं सायकल हळू फिरवत राहा किंवा चाला. घामाने ओल्या अंगावर वारा लागायच्या आत विंडचीटर चढवा. पाठपिशवीचा छातीवरचा पट्टा सैल करा. मग घड्याळात पाहून निदान पंधरा मिनिटं माथ्यावर काढा, कारण त्रास होणार असेल तर तो याच वेळात दिसतो. एक लांब वाक्य मोठ्याने बोलून पाहा. पिशवीत पीक फ्लो मीटर, म्हणजे श्वास किती जोराने बाहेर पडतो ते मोजणारं साधन, असेल तर त्यात फुंका. तुमचा स्वतःचा सर्वोत्तम आकडा पाचशे असेल, तर चारशेच्या खाली, म्हणजे ऐंशी टक्क्यांच्या खाली, उतार नाही. आधी पंप, मग पुन्हा मोजणी, आणि आकडा परत वर येऊन टिकला तरच पुढचा विचार. उतार म्हणजे विश्रांती असं ज्यांना वाटतं त्यांनी डोंगरातला उतार केलेला नाही. उभं राहून, दंड-मांड्या ताणून, अवघड दगडांवर नकळत श्वास रोखून, तोंडावर थंड वारा घेत उतरायचं असतं, आणि दोन्ही हात ब्रेकवर असतात. पंप काढायला हात मोकळा नसतो. छाती जरा जरी घट्ट वाटत असेल तर उताराची पायवाट सोडून गाडीरस्त्याने, हळूहळू खाली या.

सोबतीबद्दल मला कळकळीने सांगायचं आहे. दमा असलेल्या माणसाचं एक ठरलेलं वाक्य असतं: ‘तुम्ही व्हा पुढे, मी येतो.’ लोकांचा खोळंबा होऊ नये म्हणून तो हे म्हणतो, आणि नेमका वाईट वेळी एकटा उरतो. निघण्याआधीच गटात सांगा की मला दमा आहे, पंप या खिशात आहे, दुसरा अमक्याकडे आहे, तो असा द्यायचा. दोन मिनिटं लागतात. गटाने नियम करावा की शेवटच्या माणसामागे एक अनुभवी सायकलस्वार राहील आणि माथ्यावर सगळे पोचून पंधरा मिनिटं झाल्याशिवाय कुणी उतरणार नाही. गटप्रमुखांनो, हे तुम्ही स्वतःहून करा. दमेकऱ्याला मागावं लागू नये.

झटका आलाच तर सायकल बाजूला, हेल्मेट काढा, गळ्याशी आवळलेलं सगळं सैल करा. बसा, किंचित पुढे वाकून कोपर गुडघ्यांवर टेकवा. आडवं होऊ नका, कुणी झोपवू लागलं तर ऐकू नका. डॉक्टरांनी लेखी योजना दिली असेल तर तीच पाळायची. नसेल तर साल्ब्युटामॉलसाठी ऑस्ट्रेलियात प्रथमोपचारात शिकवतात ती पद्धत लक्षात ठेवायला सोपी आहे: स्पेसरमधून एकेक करून चार फवारे, प्रत्येक फवाऱ्याला चार श्वास, मग चार मिनिटं थांबा. आराम नसेल तर पुन्हा चार, आणि तेव्हाच मदत बोलवा. महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८, नाहीतर ११२. मदत येईपर्यंत हाच क्रम चालू ठेवायचा. माणसाला दोन-चार शब्दांपलीकडे बोलता येत नसेल, ओठ-नखं निळसर दिसत असतील, तो गुंगीत जात असेल किंवा आधी येणारा सूं-सूं आवाज एकदम बंद होऊनही श्वास जडच असेल, तर चार मिनिटंही न थांबता आधी फोन करा. आवाज बंद होणं हे तेव्हा बरं वाटल्याचं लक्षण नसतं, हवा जातच नाहीये एवढाच त्याचा अर्थ. फोन लागत नसेल तर एकाने वर उघड्यावर जायचं, एकाने रुग्णापाशी राहायचं. जवळच्या वस्तीवरून मोटारसायकल आणून मध्ये बसवून नेणं हा आपल्याकडे अनेकदा सगळ्यात जलद मार्ग ठरतो. वाफ, बाम, घटाघटा पाणी पाजणं यांत वेळ घालवू नका.

पंपाने पूर्ण मोकळं वाटलं तरी त्या दिवशीची डोंगरवाट तिथेच संपली. औषधाचा असर तीन-चार तासांनी उतरतो आणि त्रास परत येऊ शकतो. त्या वेळी तुम्ही घरी किंवा दवाखान्याजवळ असायला हवं.

गुडघा-कंबर दुखते म्हणून सायकलस्वार पिशवीत गोळ्या ठेवतात. दमा असलेल्यांपैकी काहींना अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांनी जोराचा झटका येऊ शकतो. मित्राने दिलेली गोळी न विचारता घेऊ नका. पॅरासिटामॉल बहुतेकांना चालतं. रक्तदाबाच्या किंवा कापऱ्याच्या काही गोळ्या, काचबिंदूचे काही थेंब यांतली बीटा-ब्लॉकर गटातली औषधंही दमा उठवतात, म्हणून कुठल्याही डॉक्टरांकडे गेलात तरी दम्याचा उल्लेख आधी करा.

शर्यतीत उतरणाऱ्यांसाठी थोडं वेगळं. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या, म्हणजे वाडाच्या, नियमांत पंपातून घेतलेल्या साल्ब्युटामॉलला मर्यादेत परवानगी आहे: चोवीस तासांत १६०० मायक्रोग्रॅम आणि कुठल्याही आठ तासांत ६०० पेक्षा जास्त नाही. नेहमीचा फवारा १०० मायक्रोग्रॅमचा असतो, त्यावरून हिशोब कळेल. गोळी किंवा सिरप चालत नाही. सायकलपटू ख्रिस फ्रूमच्या नमुन्यात २०१७ च्या स्पेनमधल्या शर्यतीत हे औषध मर्यादेपेक्षा जास्त आढळलं आणि जुलै २०१८ मध्ये प्रकरण निकाली निघेपर्यंत त्याला महिनोन्‌महिने खुलासा करावा लागला. आपल्याकडे जास्त धोका आहे तो खोकल्याच्या सिरपांचा. त्यांतल्या अनेकांत टर्ब्युटालिन असतं आणि ते परवानगीपत्राशिवाय प्रतिबंधित आहे. बाटलीवरची बारीक अक्षरं वाचा, आणि परवानगीपत्राची कागदपत्रं शर्यतीच्या बऱ्याच आधी करून ठेवा.

घरी आल्यावर पाण्याच्या पिशवीची नळी धुऊन वाळवायला टांगा. आतली काळी बुरशी दर फेरीला तोंडातून ओढली जाते. हेल्मेटच्या आतल्या गाद्यांचंही तेच. मग वहीत चार गोष्टी लिहा: वाट कोणती, हवा कशी होती, माथ्यावर कसं वाटलं, पंप किती लागला. त्या रात्री किंवा पहाटे खोकला आला तर तेही लिहा, कारण श्रमांचा, धुळीचा किंवा परागांचा परिणाम काही जणांत काही तासांनी दिसतो. असं दोनदा घडलं तर पुढचा रविवार डोंगराला देऊ नका. डॉक्टरांची ठरलेली तारीख अलीकडे घ्या आणि जाताना पंप, स्पेसर आणि ती वही बरोबर न्या. पंप कसा ओढता ते त्यांच्यासमोर एकदा करून दाखवा.